एकट्याने व्हॅन घेऊन गोवा: मुक्काम आधी, पॉइंट नंतर

फोंड्यात राहत असल्यामुळे बाहेरून कॅम्पर व्हॅन घेऊन आलेली माणसं मला वरचेवर भेटतात. त्यातली बरीच एकटी असतात, आणि त्यांची तक्रार साधारण सारखीच असते. दूधसागर पाहिला, चापोरा पाहिला, दोना पावला पाहिलं, पण मन भरलं नाही. कधी आणि किती वाजता गेला होता, असं विचारलं की उलगडा होतो. दूधसागर एप्रिलमध्ये, चापोरा भर दुपारी, दोना पावला रविवारी संध्याकाळी.

व्हॅनचा खरा फायदा फुकट झोपण्यात नाही. तुम्ही ठिकाणापासून दोन-चार किलोमीटरवर झोपलेले असता, त्यामुळे हॉटेलातला पाहुणा नाश्त्याला बसायच्या आत तुमचं ते ठिकाण बघून झालेलं असतं. म्हणून गोव्यात रात्रीचा मुक्काम आधी ठरवायचा आणि पॉइंट त्याच्याभोवती बसवायचे. काही जागा मात्र कुठल्याही वेळी गेलात तरी रिकाम्या हातीच परत पाठवतात. त्या कुठल्या, हेही पुढे सांगते.

कधी यावं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यातही २० डिसेंबर ते ५ जानेवारी वगळा. या काळात कळंगुट-बागा पट्ट्यात दुचाकीलाही वाट मिळत नाही, व्हॅनची तर बातच सोडा. कार्निव्हल आणि शिगमो यांच्या मिरवणुकींच्या दिवशी पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा अशा शहरांत मुख्य रस्ते दुपारपासून बंद होतात, त्यामुळे तारखा बघून घ्या.

मार्चपासून पत्र्याची गाडी तापायला लागते आणि इथल्या दमट हवेत ती रात्री लवकर निवत नाही. पंखा लावूनही अंगाची चिकचिक जात नाही. पावसाळ्यात गोवा सगळ्यात सुंदर दिसतो, पण पहिल्यांदाच एकट्याने येत असाल तर जून ते सप्टेंबर टाळा. लाल मातीत चाक रुतलं तर ढकलायला सोबत कुणी नसतं, आणि कपडे, गादी, लाकूडकाम सगळ्यावर बुरशी चढते.

गाडी कोणती, कागद कोणते

लहान गाडी घ्या. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली सहा माणसांची कॅराव्हॅन एकट्यासाठी मोठी होते, आणि इथल्या वाड्यांमधले रस्ते तिच्यासाठी नाहीत. विंगर, ईको किंवा पिकअपवरचं कॅम्पर या आकारात एकट्या माणसाचं सगळं मावतं. गाडीची उंची आणि रुंदी आरशांसकट टेपने मोजा आणि कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. कमान, फांदी किंवा लोखंडी बार समोर आल्यावर आठवायला वेळ नसतो.

भाड्याने घेत असाल तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर ते बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर त्रास तुम्हाला होईल आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहील.

गाडी स्वतः बदलून घेतली असेल तर आरसी बुकात तो बदल चढलेला असला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. व्यावसायिक पाटीच्या गाडीलाही तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पीयूसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये ठेवा. बाहेरची पाटी दिसली की कागद विचारले जातात हे धरूनच चला.

घाट

कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करून पत्रादेवीला उतरावं. व्हॅनसाठी हाच सगळ्यात सोयीचा मार्ग. बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला येता येतं. अनमोड घाट मोलेला उतरवतो, पण त्यावर ट्रकांची रांग असते. तिलारीच्या घाटात व्हॅन घालू नका. उतार तीव्र आहे, वळणं अंगावर येतात आणि एकट्याने मागे घ्यायची वेळ आली तर कठीण होऊन बसतं.

घरून निघतानाच पाण्याची टाकी भरायची सवय असते, ती इथे सोडा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते वजन घाट उतरताना ब्रेकवर येतं. पाणी खाली उतरल्यावर भरा. पेट्रोलही गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं, तेव्हा टाकी पेडण्यात फुल्ल करा.

रात्री गाडी कुठे लावायची

सगळा प्रवास या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

किनाऱ्यावर नाही, ही पहिली गोष्ट. वाळूत गाडी घालणं गुन्हा आहे, आणि दर हंगामात कुणाची ना कुणाची गाडी रुतून भरतीत सापडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं, हे बाहेरच्या माणसाला दुपारच्या ओहोटीत समजत नाही. २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून गोव्याने उघड्यावर स्वयंपाक करण्यावर आणि किनाऱ्यावर दारू पिण्यावर बंदी घातली. दंड हजारांत जातो. गाडीबाहेर टेबल मांडून, शेगडी पेटवून बसायचं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. स्वयंपाक गाडीच्या आत आणि खिडकी उघडी ठेवून.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांचा हंगाम तुमच्या सहलीच्या हंगामाशी जुळतो. समुद्राकडे तोंड करून हेडलाइट लावणं किंवा गाडीच्या बाहेरच्या पट्टीदिव्यांचा झगमगाट करणं तिथे अजिबात नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर येतात.

माझ्या मते एकट्या माणसाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे होमस्टेचं अंगण. खोली नको, रात्रभर गाडी लावू द्या, सकाळी न्हाणीघर आणि एक बादली पाणी द्या, असं स्वच्छ सांगायचं. खोलीच्या निम्म्या भाड्याच्या आसपास बोलणी सुरू करा, आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच घ्या. तेवढ्याने तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होता. विचारायला संध्याकाळी पाचच्या आत जा. अंधार पडल्यावर अनोळखी गाडी दारात आली की घरची माणसं साहजिकच बावरतात.

विचारण्याचीही एक रीत आहे. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि चालत दारापर्यंत जायचं. खिडकीतून हाक मारायची नाही. काणकोणकडे एका घरी मी असंच विचारलं होतं. "काका, मी फोंड्याची. एकटीच आहे. आज रात्री गाडी तुमच्या आवारात लावली तर चालेल का?" सोप्यावर बसलेल्या काकांनी आधी गाडीकडे आणि मग वर पाहिलं. "राव गे बाय. पूण गाडी माडापोंदा दवरूं नाका. नाल्ल पडटलो." गाडी मी नेमकी दोन माडांच्या मधोमध आणायला निघाले होते. सावली असली तरी नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका, हे त्यांचं सांगणं प्रत्येकाने लक्षात ठेवावं. नारळ छतावर पडला तर सोलर पॅनेल फुटतं, आणि झावळी पडली तर काच जाते.

अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवळांना अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, असतात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याचे नागेशी या देवस्थानांच्या कार्यालयात रीतसर विचारा. खोली मिळाली तर एक रात्र गाडीबाहेर झोपा, पाठीला बरं वाटतं. देवळाच्या आवारात गाडीत मांसाहारी स्वयंपाक किंवा मद्य असता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

काहीच जमलं नाही तर राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचा रात्रभर चालू असणारा पेट्रोल पंप किंवा मडगाव आणि थिवी रेल्वे स्टेशनचं पार्किंग. झोप तुटक लागते, पण उजेड आणि माणसांची ये-जा असते. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. बोंडला आणि खोतीगावला वनखात्याच्या कॉटेज आहेत, त्यांची चौकशी आधी करा.

झोपताना गाडीचं तोंड बाहेर निघायच्या रस्त्याकडे, ड्रायव्हरची सीट पूर्ण मोकळी आणि किल्ली रोज एकाच जागी. जागा मनाला पटली नाही तर कारण शोधत बसू नका, निघा. बाईमाणसाने पडद्याआडून दिवा दिसणार नाही याची काळजी घ्यावी आणि त्या दिवशीच्या मुक्कामाचा फोटो दुसऱ्या गावी पोचल्यावरच टाकावा. घरच्या एका माणसाला रोज संध्याकाळी लोकेशन पाठवायचं. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८.

पाणी, सांडपाणी, कचरा

प्यायला वीस लिटरचा जार गावोगावच्या दुकानात मिळतो. वापराचं पाणी होमस्टेत किंवा विचारून पेट्रोल पंपावर भरा. देवळाच्या नळाला पाइप लावून टाकी भरायला जाऊ नका. उन्हाळ्याकडे कित्येक वाड्यांत टँकर येतो, आणि बाहेरची गाडी पाणी भरताना दिसली की कडवटपणा येणारच.

भांड्यांचं सांडपाणी खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, किंवा खाडीच्या बांधावर सोडू नका. त्या शेतात मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दारांच्या, झडपांनी खारं पाणी अडवून पीक आणि मासळी दोन्ही घेतात, आणि साबणाचं पाणी दोन्हींना मारक आहे. सांडपाण्याची टाकी आणि कॅसेट टॉयलेट, दोन्ही घरमालकाला विचारून त्याच्या शौचालयात रिकामी करा. त्यासाठी काही पैसे वेगळे द्या आणि जागा स्वतः धुऊन द्या. एकदा असं केलंत की पुढच्या व्हॅनवाल्याला दार उघडं राहतं.

ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची इथे सक्ती आहे. सुका कचरा दोन-तीन दिवस गाडीत राहू शकतो. मासळीचा ओला कचरा मात्र गाडीत एक रात्रही ठेवू नका.

अरुंद रस्ता आणि मागे घेणं

गोव्यातल्या गावरस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, असतात, आणि नकाशा तुम्हाला दोन मिनिटं वाचवण्यासाठी त्यातच घालतो. म्हणून नियम ठरवून घ्या. रस्ता एका गाडीचा झाला आणि पुढचं वळण दिसत नसेल, तर थांबायचं, उतरायचं, चालत जाऊन बघायचं. सोबत माणूस असला की तो मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करतो. एकट्याला ते काम मागच्या कॅमेऱ्यावर आणि स्वतःच्या पायांवर करावं लागतं. गडग्याच्या बुडाशी बऱ्याचदा गवतात झाकलेलं उघडं गटार असतं आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. काठीने टोचून बघा.

व्हॅन दिवसभर तळावरच ठेवा आणि फिरायला दुसरं वाहन घ्या, हा माझा आग्रह आहे. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून भाड्याने नेणारे पायलट, कदंबची म्हणजे सरकारी बस, भाड्याची स्कूटर यांनी बहुतेक ठिकाणं होतात. फेरीबोटीवर पायी चढायला पैसे पडत नाहीत. व्हॅन चढवायची असेल तर आधी बोटीवरच्या माणसाला वजन सांगा आणि ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार बघून घ्या.

वाट: उत्तरेकडून आत, मग दक्षिणेला

पहिला मुक्काम केरीच्या आसपास करा. सकाळी व्हॅन केरीला ठेवून फेरीने पलीकडे तेरेखोलला जा. किल्ला लहान आहे, आणि आत मोठं काही बघायला मिळेल या अपेक्षेने गेलात तर पंधरा मिनिटांत बाहेर याल. पण १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता हे माहीत असलं, की तटाखालच्या नदीच्या मुखाकडे बघताना ती जागा वेगळी वाटते. फेरीचा प्रवास आणि केरीचा सुरूच्या झाडांचा किनारा धरून सकाळ छान जाते.

चापोऱ्याला मोरजी किंवा शिवोलीकडे मुक्काम करून सकाळी सातला पोचा. वर सावली नाही, पाणी नाही, दुकान नाही. आत इमारत उरलेली नाही, नुसता तट आहे. पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये बांधलेल्या या तटावरून एका बाजूला वागातोर आणि दुसऱ्या बाजूला चापोरा नदीचं मुख दिसतं, आणि बघायचं ते तेवढंच. सकाळी ते पुरेसं होतं. दुपारी ऊन, घसरडी माती आणि फोटोसाठी रांग. उतरल्यावर चापोरा जेटीवर जा, होड्या आलेल्या असतात.

हणजूणचा बुधवारचा बाजार मी तुम्हाला सुचवणार नाही. तिथे आता बराचसा माल कुठल्याही पर्यटनस्थळी मिळतो तसाच मिळतो, आणि व्हॅन लावायला जागा शोधण्यात तास जातो. त्याऐवजी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला नऊच्या आत जा. चवरीस (गोव्याचं सॉसेज), सुकी मासळी, मिरच्या, केळी, मातीची भांडी, सगळं गावातल्या माणसांनी गावातल्या माणसांसाठी आणलेलं असतं. पर्ऱ्याचा माडांचा रस्ता फोटोत दिसतो तसा आहे खरा, पण तो लोकांचा रोजचा रस्ता आहे. तिथे व्हॅन थांबवलीत तर मागे बस अडकते. जाता जाता बघा आणि पुढे व्हा.

कळंगुट आणि बागा एकट्या व्हॅनवाल्यासाठी पूर्ण सोडून द्या. पाण्यात उतरायचं असेल तर कुठल्याही किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोरच उतरा, लाल बावटा असेल तर नाहीच, आणि अंधार पडू लागला की बाहेर. किनाऱ्यावर तुमची वाट बघणारं कुणी नाही हे विसरू नका.

आता आत वळा. मये तलाव हा माझ्या मते मुद्दाम थांबण्याजोगा नाही. लहानसं तळं, कडेला बाकं, संपलं. तिथून जवळच नार्वेला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. पोर्तुगीजांनी मूळ देऊळ पाडल्यावर देव नार्वेला आणला गेला, आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे त्याची दुरुस्ती होऊन ते नव्याने उभं राहिलं आहे. महाराष्ट्रातून येणारा माणूस बागेला चार तास घालवतो आणि इथे येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. साखळीजवळ हरवळ्याच्या लेण्यांत थांबा. शेजारचा धबधबा नोव्हेंबरपर्यंतच बघण्यासारखा असतो.

दूधसागराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. सुमारे ३१० मीटर उंचीचा हा धबधबा भरात असतो तो पावसाळ्यात, आणि नेमक्या तेव्हाच कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात. त्या साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी चांगलं असतं, जानेवारीत बरं, आणि मार्चनंतर कातळावर पांढरी रेघ उरते. तुमची व्हॅन तिथवर जाऊ शकत नाही, जीपच घ्यावी लागते. जीप सात जणांची असते, म्हणून एकट्याने सकाळी सातलाच काउंटरवर जाऊन सहा जणांचा गट शोधावा. नाहीतर जीप भरेपर्यंत बसून राहावं लागतं. रुळांवरून चालत जायला मनाई आहे, कुणी वाट दाखवतो म्हणाला तरी जाऊ नका. मार्चनंतर येत असाल तर दूधसागर सोडा आणि तो दिवस तांबडी सुर्लाच्या महादेवाला द्या. कदंबकाळातलं काळ्या बसाल्टचं हे देऊळ जंगलात, ओढ्याच्या काठी आहे. आत खांबांवरचं नक्षीकाम बघायला टॉर्च न्या. मोले, कुळे, नेत्रावळी, खोतीगाव या पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा नकाशे आधी उतरवून ठेवा.

पुढचा मुक्काम रिवण किंवा नेत्रावळीकडे. नेत्रावळीची बुडबुड तळी म्हणजे गोपीनाथाच्या देवळासमोरचं पायऱ्यांचं छोटं तळं. तळातून सतत बुडबुडे वर येतात, लोक टाळ्या वाजवून बघतात. मोठं काही दिसेल असं मनात धरून गाडी इतक्या आत आणलीत तर हिरमोड होतो. वाटेवरचा अर्धा तास म्हणून गेलात तर बरं वाटतं.

रिवणजवळचं उसगाळीमळ मात्र या सगळ्या वाटेवरचं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे, आणि तिथून निराश होऊन परतणारेही खूप. कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा सपाट कातळ आहे आणि त्यावर प्रागैतिहासिक काळात माणसांनी चित्रं कोरली आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. अकरा वाजता गेलात तर ऊन डोक्यावर येतं, कोरीव रेघेत सावली पडत नाही, आणि समोर तांबूस दगडाशिवाय काही दिसत नाही. लोक दोन फोटो काढून परततात. सकाळी साडेसातला किंवा संध्याकाळी साडेचारनंतर जा. ऊन तिरपं असलं की रेघेच्या एका कडेला सावली धरते. आधी एका बैलाची पाठ दिसते, मग वशिंड, मग शिंगं, आणि नजर बसली की शेजारी दुसरा बैल, हरीण, गोल गोल फिरणारं चक्रव्यूह. राखणदार असेल तर तो कातळावर थोडं पाणी शिंपडून रेघ दाखवतो. स्वतः खडूने किंवा दगडाने रेघ गिरवू नका. कोरीवकामावर पाय पडू नये म्हणून चपला काढून कडेकडेने चाला. पावसाळ्यात कातळावर शेवाळ आणि पाणी असतं, तेव्हा जाऊ नये.

काणकोणला उतरताना केपे, बाळ्ळी आणि करमल घाट असा मार्ग धरा. खोतीगाव अभयारण्यात गवा किंवा बिबट्या दिसेल म्हणून जात असाल तर बहुधा काही दिसणार नाही. उंच झाडं, पक्ष्यांचे आवाज आणि शांतता एवढ्यासाठी जायचं असेल तर पहाटे दार उघडताच आत शिरा. काब द रामच्या किल्ल्यात संध्याकाळी जा, पण सूर्य बुडायच्या आधी परत फिरा. आतल्या वाटा अंधारात धोक्याच्या आहेत आणि समुद्राकडे खोल कडा आहे. पाळोळ्यापेक्षा आगोंदच्या बाजूला मुक्काम निवांत होतो.

पणजी आणि जुनं गोवं शेवटी

पणजीत व्हॅन पाटो भागात मोकळ्यावर ठेवा. छत असलेल्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी उंचीची पाटी वाचा. तिथून ओहोळावरचा पादचारी पूल ओलांडला की फोंताइन्श. सकाळी आठच्या सुमारास चालत फिरा. ती राहती घरं आहेत. दारात उभं राहून फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका. दोना पावला मी सुचवणार नाही. दुकानं, गर्दी आणि थोडासा कठडा यापलीकडे हाती काही लागत नाही. तोच संध्याकाळचा तास कांपालपासून मिरामारपर्यंत मांडवीच्या काठाने चालण्यात घालवा. वाटेत चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमीची वास्तू लागते, आणि तिथे एखादं मराठी नाटक लागलं असेल तर तिकीट काढा. किल्ला बघायचाच असेल तर नदीपलीकडचा रेईश मागूश निवडा. तो नीट दुरुस्त केलेला आहे आणि मारियो मिरांडांची चित्रंही तिथे आहेत. सोमवारी बंद असतो.

जुन्या गोव्यात उलट्या क्रमाने जा. सगळे आधी बॉम जेझूला शिरतात, म्हणून तुम्ही सकाळी लवकर सेंट ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्याकडे चढा. ४६ मीटर उंचीचा तो चिऱ्याचा उभा तुकडा आणि जमिनीवरचे कोरीव थडग्यांचे दगड कुणी नसताना बघा. मग १६०५ मध्ये पूर्ण झालेलं बॉम जेझू, मग से कॅथेड्रल. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दुपारी व्हॅन इथेच ठेवून फेरीने दिवाडी बेटावर पायी जा.

जेवण, आणि परतीचं

रोज गाडीत शिजवू नका. सकाळी गावातल्या हॉटेलात भाजी-पाव, दुपारी खानावळीत मासळीची थाळी, संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट. शाकाहारी असाल तर देवळांच्या भोवतालची हॉटेलं चांगली. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा पहाटे आणि संध्याकाळी वाजतो, तेव्हा सुटे पैसे हाताशी ठेवून बाहेर या. गरम उंडे (गोल पाव) घेतलेत की दुसऱ्या दिवशीची न्याहारीही होते.

परतीच्या आदल्या रात्री सांडपाण्याची टाकी रिकामी करून धुऊन घ्या. गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, कपाटांना कड्या लावा, आणि वर चढताना वजन नको म्हणून पाणी काढून टाका. दारूच्या बाटल्या परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेऊ नका. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खातं गाड्या तपासतं. व्हॅनमध्ये कपाटं जास्त, म्हणून तपासणीलाही वेळ जास्त लागतो. सकाळी लवकर निघा आणि आंबोली दुपारच्या आत चढून जा.